दोन पैलवानांच्या वैरावर माहितीपट कसा करावा

दोन पैलवानांच्या वैरावर माहितीपट करायचे ठरले की करणाऱ्याचे सगळे लक्ष त्या दोघांवर जाते. कुस्ती मात्र लावतो तिसराच. जोड ठरवणारा, इनाम जाहीर करणारा, तिकिटे विकणारा किंवा आखाड्याच्या कडेला मानाच्या खुर्चीवर बसणारा हा तिसरा माणूस वैर पेटले की कमावतो आणि विझले की गमावतो. तेव्हा संशोधनाच्या वहीत दोघा पैलवानांची नावे लिहिण्याआधी एक प्रश्न लिहून ठेवावा : हे वैर कोणाला हवे होते? पुढे मुलाखती, चित्रीकरण आणि संकलन करताना प्रत्येक निर्णय या प्रश्नाशी ताडून पाहिला, तर चित्रपट ‘हा मोठा की तो मोठा’ या चावडीवरच्या वादातून सुटतो.

बडोद्यात राहून असा चित्रपट करू पाहणाऱ्याला सुरुवातीसाठी दूर जावे लागत नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. तो गामा पैलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी बडोद्यात उचलला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते, आणि त्याचे वजन १२०० किलो दिले जाते. याच गामाचे पोलंडच्या स्टानिस्लाउस झ्बिश्कोशी असलेले वैर १९१० साली लंडनमध्ये सुरू झाले आणि १९२८ साली पतियाळात संपले. माहितीपटाला लागणारे बहुतेक सगळे त्यात आहे : दोन देश, दोन प्रकारची कुस्ती, एक न लागलेला निकाल, मधली प्रदीर्घ शांतता आणि एका मिनिटाच्या आत आटोपलेला शेवट. म्हणून या लेखात उदाहरण मुख्यतः याच जोडीचे घेतले आहे; हयात असलेल्या दोन पैलवानांवर किंवा शहरातल्या दोन तालमींवर काम करणाऱ्यालाही हीच पद्धत थोड्या फरकाने वापरता येईल.

आधी घटनांची वही

पटकथेला हात लावण्यापूर्वी घटनांची एक वही करावी आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत : काय घडले, ते कोण सांगतो, आणि सांगणाऱ्याने ते केव्हा सांगितले. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. कुस्तीच्या गोष्टी सांगता सांगता वाढत जातात, आणि घटनेनंतर आठ दिवसांनी छापलेली बातमी व पन्नास वर्षांनी पारावर सांगितलेली आठवण यांचे वजन एकच धरता येत नाही.

गामा आणि झ्बिश्कोच्या वहीत निर्विवाद नोंदी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. बेंजामिन नावाचा इंग्रज व्यवस्थापक गामा, त्याचा भाऊ इमाम बक्ष आणि आणखी दोघा पैलवानांना घेऊन १९१० साली इंग्लंडला गेला. या दौऱ्यामागे शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाचा पैसा होता. गामाने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले. १० सप्टेंबर १९१० रोजी त्याची झ्बिश्कोशी गाठ पडली. २५० पौंडांचे इनाम आणि ‘जॉन बुल’ हा विजेत्याचा पट्टा पणाला लागला होता. झ्बिश्को वजनाने बराच जड होता, तरी तो लवकरच खाली गेला आणि पुढचा बहुतेक वेळ पोटावर पडून राहून त्याने बचाव केला. अडीच तासांहून अधिक काळ ही कुस्ती चालली आणि ती बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हा झुंज १७ सप्टेंबरला ठरली. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या आश्रयाखाली दोघे पुन्हा उतरले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केले.

या शेवटच्या कुस्तीला नेमके किती सेकंद लागले? कोणी बेचाळीस म्हणतो, कोणी एकोणपन्नास, कोणी तीस, तर कोणी त्याहूनही कमी. अशा ठिकाणी आपल्याला आवडलेला आकडा निवडून निवेदकाच्या तोंडी घालू नये. ‘एका मिनिटाच्या आत’ एवढे म्हणणे खरे आहे आणि पुरेसेही आहे. शिवाय वेगवेगळे आकडे सांगणारे तीन वृद्ध वस्ताद पडद्यावर एकामागून एक दाखवले, तर कुस्तीची कीर्ती कशी घडते हे प्रेक्षकाला निवेदनाच्या एका शब्दाशिवाय कळते, आणि थोडे हसूही येते.

दगडाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. आज उत्तम बारबेल आणि मनगटाचे पट्टे वापरून जमिनीवरून मांडीपर्यंत उचललेल्या वजनाचा जागतिक विक्रम ५०० किलोंच्या थोडा वर आहे. त्याच्या दुपटीहून जड दगड १९०२ साली एका माणसाने पूर्ण उचलून धरला, हे विधान निवेदकाने स्वतःच्या आवाजात करू नये. दगड मात्र जरूर दाखवावा आणि भोवती उभ्या असलेल्या मुलांचे चेहरेही दाखवावेत, कारण दंतकथा ही या विषयातली खरी वस्तू आहे. तिला ‘असे सांगतात’ या दोन शब्दांची चौकट दिली की झाले. चित्रीकरणासाठी संग्रहालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी. ट्रायपॉड आणि वेगळे दिवे चालतील का, हे त्याच अर्जात विचारावे. आयत्या वेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालून काही साधत नाही.

कागदपत्रांसाठी बडोद्यात दोन दारे ठोठवावीत. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांनी १९१० साली सुरू केले, म्हणजे नेमके लंडनच्या कुस्तीच्या वर्षी, आणि तिथली जुनी मराठी व गुजराती ग्रंथसंपदा मोठी आहे. दुसरे म्हणजे बडोद्याहूनच प्रसिद्ध झालेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश. डावांची नावे, आकृत्या आणि तालमीतल्या मेहनतीचे तपशील यांसाठी मराठीत त्याच्या तोडीचा ग्रंथ नाही. निवेदनात डावाचे नाव घेण्यापूर्वी त्यात पाहून घ्यावे आणि नंतर एखाद्या जाणत्या वस्तादाला विचारावे, कारण एकाच डावाला कोल्हापूरला एक नाव असते आणि उत्तरेत दुसरे.

दुसऱ्या पैलवानाला माणूस करावे

आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या कथेत झ्बिश्को हा पोटावर पडून राहिलेला आणि मग पळालेला गोरा पैलवान एवढाच उरतो. अशा चित्रपटात गामाही मोठा होत नाही. भित्र्याला हरवण्यात मोठेपण कसले? वास्तविक झ्बिश्को त्या काळच्या युरोपातल्या अव्वल मल्लांपैकी होता. पाठ टेकल्याशिवाय हार नाही असा नियम असताना आपल्याहून चपळ माणसासमोर पोटावर पडून वेळ काढणे कंटाळवाणे असेल, पण ते अक्कलहुशारीचे होते. सात दिवसांनी तो का आला नाही, याचा निवाडा मात्र आपण करू नये. तो आला नाही, एवढी नोंद पडद्यावर ठेवून थांबावे.

त्याचे पुढचे आयुष्य तर स्वतंत्र चित्रपटाचा विषय आहे. अमेरिकेत तोपर्यंत कुस्तीचा धंदा झाला होता आणि निकाल आधी ठरवले जात होते. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात झ्बिश्कोने वेन मन या विजेत्याकडून हरायचे असे ठरले होते. झ्बिश्को आतून आयोजकांच्या विरुद्ध गटाला मिळालेला होता, आणि रिंगणात उतरल्यावर त्याने ठरलेले बाजूला ठेवून मनला खरोखरच पाडले. खरी कुस्ती आणि ठरवलेली कुस्ती या दोन्ही जगांत वावरलेला हा माणूस तीन वर्षांनी पतियाळाच्या मातीत उतरला, हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर शेवटच्या त्या काही सेकंदांना वेगळीच धार येते.

हयात जोडीवर काम करताना हीच गोष्ट वेळेच्या हिशोबाने सांभाळावी लागते. पहिल्या पैलवानाशी ओळख असते म्हणूनच बहुधा विषय सुचलेला असतो, आणि मग नकळत त्याच्याकडे दहा फेऱ्या होतात व दुसऱ्याकडे दोन. दुसऱ्याच्या तालमीत आधी जावे, तिथे कॅमेऱ्याशिवाय बसावे, त्याच्या वस्तादाशी बोलावे. विषय सुचवणाऱ्या मित्राचे घर नंतर गाठावे.

मुलाखती

दोघांना सुरुवातीलाच समोरासमोर बसवू नये. समोरासमोर आलेले पैलवान एकतर सलामी दिल्यासारखे गोड बोलतात किंवा शड्डू ठोकतात. दोन्हींत माहिती मिळत नाही. दोघांना स्वतंत्रपणे, आपापल्या जागी, पण सारख्याच रचनेत चित्रित करावे : कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या रेषेत, अंतर तेवढेच, प्रकाशाची दिशा तीच. एकाला खालून आणि दुसऱ्याला वरून टिपले की निवाडा आधीच दिला गेलेला असतो, मग निवेदन कितीही तटस्थ असो.

प्रश्न साधे असावेत. ‘तुम्हाला त्यांचा राग येतो का?’ या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर मिळते. त्याऐवजी कुस्तीच्या दिवशी सकाळी काय खाल्ले, इनामाची रक्कम कोणी ठरवली आणि हातात किती आली, पंच कोणी नेमला, कुस्ती संपल्यावर सर्वांत आधी कोण भेटायला आले, हे विचारावे. पैशाचा प्रश्न टाळू नये; तिसरा माणूस बहुतेक वेळा याच उत्तरातून बाहेर येतो. तो हयात असेल तर त्याचीही मुलाखत घ्यावी आणि ती दोघांच्या मुलाखती हाती आल्यावरच घ्यावी, म्हणजे त्याला नेमके काय विचारायचे ते ठाऊक असते. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाची जबाबदारी पंचमंडळींवर असेल तर त्यांची हिशोबाची वही पाहायला मागावी. ती दाखवतीलच असे नाही. नकार मिळाला तर तोही नोंदवावा.

बडोद्यातला वस्ताद एका वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी बोलतो. त्याला ‘शुद्ध बोला’ असे कधीही सांगू नये. भाषा नीटनेटकी करायला लावली की माणूस आठवणीतून बाहेर येतो आणि भाषणात शिरतो. त्याचे बोलणे जसेच्या तसे ठेवून मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत उपशीर्षके द्यावीत.

प्रत्येक मुलाखतीआधी संमतिपत्रावर सही घ्यावी. त्यात चित्रपटाचा विषय, तो कुठे दाखवला जाणार आणि संकलनाचा अधिकार कोणाकडे राहील, हे बोलणाऱ्याच्या भाषेत स्पष्ट लिहिलेले असावे. मुलाखत संपल्यावर त्याच खोलीतली शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करून ठेवावी. संकलनात वाक्ये जोडताना तिची किंमत कळते.

तालमीत आणि फडात

तालमीत चित्रीकरण म्हणजे पहाटेचे काम. जोर, बैठका आणि लढत उजाडण्याच्या सुमारास चालतात, तेव्हा नैसर्गिक प्रकाश कमी असतो आणि नळीदिव्यांवर भागवावे लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) घ्यायच्या असतील तर शटर १/५० सेकंद ठेवावे, आणि मंदगतीसाठी ५० चौकटी घ्यायच्या असतील तर १/१००. नाहीतर चित्र लुकलुकते, आणि ते नंतर दुरुस्त करणे त्रासाचे असते. लाल मातीची धूळ लेन्सच्या कड्यांत आणि माइकच्या जोडांत शिरते, म्हणून हौद्याजवळ, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खळग्याजवळ, लेन्स बदलू नये. पैलवानाच्या अंगावर माइक लावता येत नाही. लहान ध्वनिमुद्रक हौद्याच्या कठड्यावर मऊ कापडावर ठेवावा. श्वास, मातीवर पडण्याचा आवाज आणि वस्तादाची बारीक सूचना यांतूनच कुस्ती ऐकू येते.

पादत्राणे बाहेर काढावीत, हौद्यात पाय टाकण्यापूर्वी वस्तादाला विचारावे. काही जुन्या तालमींत स्त्रियांच्या प्रवेशाविषयी रूढी आहेत. पथकात स्त्रिया असतील तर हा विषय आदल्या दिवशीच बोलून घ्यावा, म्हणजे कोणाचाही अपमान होत नाही आणि नकार मिळाला तर दुसरी तालीम शोधायला वेळ राहतो.

फडातले गणित वेगळे असते. तिथे एक कॅमेरा उंचावरून संपूर्ण हौदा सतत टिपत राहावा आणि तो कोणत्याही कारणाने हलवू नये, कारण वादग्रस्त निकालाच्या वेळी तोच उपयोगी पडतो. दुसरा कॅमेरा खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. तिसरा असेल तर तो कुस्तीकडे पाठ करून प्रेक्षकांवर रोखावा, विशेषतः मानाच्या खुर्च्यांवर. हलगी जोरात वाजू लागली की ध्वनीची पातळी लाल रेषेवर जाते. ती आधीच कमी ठेवावी.

मंदगतीचा मोह आवरावा. ढाक किंवा एकेरी पट हा डाव कसा बसतो हे समजावण्यासाठी ती एकदा वापरली तर शिकवते. प्रत्येक पकडीला वापरली तर कुस्तीचा वेग मरतो, आणि वेग हाच पैलवानाचा निम्मा युक्तिवाद असतो.

ठरवलेल्या कुस्तीचे वैर

रिंगमधल्या व्यावसायिक कुस्तीवर चित्रपट करायचा असेल तर एक स्वतंत्र अडचण येते. तिथे वैर हे कथानक असते, निकाल आधी ठरलेला असतो, आणि तरीही पडद्यामागे खरे वैर असू शकते. ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स या व्यावसायिक कुस्तीगिरांचे प्रकरण याचा नमुना आहे. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हार्टला स्वतःच्या देशात, कॅनडात, मायकल्सकडून किताब गमवायचा नव्हता, आणि वेगळा शेवट करण्याचे त्याच्याशी ठरलेले होते. प्रत्यक्षात मायकल्सने हार्टचाच ठेवणीतला डाव त्याला लावलेला असताना, हार्टने हार मानलेली नसताना, कुस्त्या भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीचे मालक विन्स मॅकमहन यांच्या सांगण्यावरून घंटा वाजवली गेली. इथे तिसरा माणूस रिंगच्या कडेलाच उभा होता.

त्या काळात एक पथक हार्टवर माहितीपट करत होते, आणि मॅकमहन यांच्याशी झालेल्या बोलण्याच्या वेळी हार्टने अंगावर माइक लावलेला होता. म्हणून खोलीत काय ठरले होते याचा पुरावा शिल्लक राहिला. यातून घ्यायचा धडा छुप्या ध्वनिमुद्रणाचा नाही, त्या वाटेला नवख्याने कायद्याचा सल्ला घेतल्याशिवाय जाऊच नये. धडा आहे तो दीर्घकाळ सोबत राहण्याचा : कुस्तीच्या दिवशीच पोहोचणाऱ्या पथकाला घंटा दिसते, ती वाजवण्याचा हुकूम दिसत नाही. हार्ट आणि मायकल्स यांनी ४ जानेवारी २०१० रोजी प्रेक्षकांसमोर हस्तांदोलन केले. तो समेटही दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातच झाला, तेव्हा त्यातले मनापासूनचे किती आणि कार्यक्रमाचे किती, हे चित्रपटाने विचारत राहावे.

आपल्याकडे नूरा कुस्तीचा, म्हणजे निकाल आधी ठरवून लढल्याचा, आरोप सहज केला जातो. हयात व्यक्तीविषयी तो पडद्यावर आणायचा असेल तर कागदी पुरावा हवा आणि आरोप झालेल्याचे उत्तर त्याच दृश्याला लागून हवे; केवळ ऐकीव गोष्टीवर तसे म्हणणे ही अब्रुनुकसानी ठरू शकते.

जुनी चित्रे आणि हक्क

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. छायाचित्रांवरील हक्क २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, पण त्यापूर्वीच हक्क संपलेल्या छायाचित्रांना तो पुन्हा लागू होत नाही, त्यामुळे १९१० आणि १९२८ च्या काळात छापलेली छायाचित्रे वापरता येतात. मात्र ती ज्या संस्थेकडून मिळवली तिच्या अटी पाळाव्यात. मॉन्ट्रियलसारख्या प्रसंगाचे चित्रण कंपनीच्या मालकीचे असते. समीक्षेसाठी लहान अंश वापरण्याची सवलत कायद्यात आहे, पण इंटरनेटवरच्या स्वयंचलित यंत्रणा ती सवलत ओळखत नाहीत आणि चित्रपट खाली उतरवला जातो. शक्य तिथे चित्रणाऐवजी स्थिरचित्र आणि ते पाहिलेल्या माणसाचे बोलणे वापरावे. दिवसाचे चित्रण त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि त्या दोन घरी ठेवाव्यात.

संकलन

दोघांना मोजून सारखी मिनिटे देण्याचा हट्ट धरू नये. न्याय वेळेने होत नाही. ज्या ठिकाणी एकाचे म्हणणे दुसऱ्याने खोडले आहे तिथे दोन्ही म्हणणी शेजारी शेजारी ठेवल्याने होतो.

गामा आणि झ्बिश्कोच्या गोष्टीत खरा कस लागतो तो मधल्या सतरा वर्षांवर. संकलक त्यांना ‘सतरा वर्षांनंतर’ या एका पाटीत गुंडाळतो आणि थेट पतियाळाला येतो. तसे करू नये. या काळात एक जण अमेरिकेच्या ठरवलेल्या कुस्त्यांत मुरत गेला आणि दुसऱ्याला हिंदुस्थानात जोड मिळेनाशी झाली. दोघेही पन्नाशीजवळ आले. एका भारतीय संस्थानिकाला १९२८ साली ही शिळी झुंज पुन्हा का लावावीशी वाटली, हा प्रश्न इथेच उभा राहतो आणि संशोधनाच्या वहीत आधी लिहिलेला प्रश्न इथे उत्तराच्या जवळ येतो. या भागाला चित्रे कमी मिळतील. रिकामा हौदा, माती उकरणारे फावडे, संग्रहालयातला दगड आणि निवेदनाचा शांत आवाज एवढ्यावर चार मिनिटे सहज निभावतात. पार्श्वसंगीत इथे जवळजवळ नसावे.

कच्चे संकलन तयार झाले की ते दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे दाखवावे, एकत्र कधीही नाही. सन, नाव, वजन, ठिकाण यांतली चूक कोणीही दाखवली तर ती तपासून लगेच सुधारावी. ‘हे वाक्य काढा, त्याने मी लहान दिसतो’ अशी मागणी आली तर संमतिपत्रातील संकलनाच्या कलमाकडे नम्रपणे बोट दाखवावे, आणि हवे असल्यास त्याचे उत्तर चित्रित करून त्या वाक्यानंतर जोडावे. पहिले प्रदर्शन दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या सभागृहात करायचे असेल तर दोन्ही तालमींना सारख्याच रांगेतल्या जागा द्याव्यात. तिकीट लावून जाहीर प्रदर्शन करायचे असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा अर्ज काही महिने आधी करावा, म्हणजे निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर तारीख बदलावी लागणार नाही.